अण्णा, तो शेरा तुझा होता

अण्णा,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोनशे शब्द लिहून द्या, असा निरोप तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी आला. जन्म, शिक्षण, हुद्दे, कधी कुठल्या खात्यात होतास, आमदार कधी झालास, हे सगळं मालतीवैनीनं लिहून ठेवलेलंच होतं. तेच मी नीट अक्षरात उतरवून पाठवलं. त्यांनी खाली माझं नाव घातलं. छापून आलं तेव्हा वाचलं आणि वाटलं, कुणी सज्जन, कर्तबगार गृहस्थ दिसतात हे. माझी यांची ओळख नाही.

म्हणून हे वेगळं लिहिते आहे. आणि मराठीतच लिहिते आहे. सरकारात तू कानडी बोललास, फायलींवर इंग्रजी लिहिलंस, पण माझ्याशी भांडलास तो जन्मभर मराठीतच. आणि आपलं शेवटचं भांडण मिटलेलं नाही.

आधी तुझ्या बाजूचं सांगते. नाहीतर म्हणशील, वच्छीला नेहमी एकच बाजू दिसते.

चामराजपेटेत आपण दोन खोल्यांत राहत होतो. अप्पा मार्केटजवळच्या एका अगरबत्तीच्या वखारीत कारकून होते. मी सातवी पास झाले आणि अप्पांनी सांगून टाकलं, आता पुरे. मुलींचं हायस्कूल मार्केटच्या पलीकडे होतं. त्या हमालांच्या आणि लॉऱ्यांच्या गर्दीतून मुलीनं रोज एकटीनं जायचं नाही. आई काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला वाटलं, असंच असतं. तू तेव्हा अठरा वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. जेवता जेवता म्हणालास, "मी सोडीन तिला."

अप्पा म्हणाले, "आणि तुझं कॉलेज?"

"तिला सोडून मग जाईन."

"आणि संध्याकाळी?"

"आणायला पण जाईन."

अप्पांनी ताटातून वर पाहिलं नाही. ती त्यांची संमती, हे तुला कळलं, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन गेलास. फॉर्मवर पालक म्हणून सही केलीस. बाईंनी विचारलं, "तू हिचा कोण?" तू म्हणालास, "अण्णा." बाई हसल्या आणि फॉर्म ठेवून घेतला.

वर्षभर तू मला मार्केट ओलांडून नेलंस. हात धरायचा नाहीस, तुला लाज वाटायची. चार पावलं पुढे चालायचास आणि मधूनमधून मागे वळून बघायचास. फुलवाल्यांच्या रस्त्यात सडक्या पाकळ्यांचा चिखल असायचा, तिथं मात्र थांबायचास, मी पलीकडे पोचेपर्यंत. तुझा पहिला तास रोज बुडायचा. कॉलेजातून अप्पांना बोलावणं आलं होतं त्यावरून. तू त्यांना काय सांगून गप्प केलंस, मला आजतागायत ठाऊक नाही. पुढच्या वर्षी गल्लीतल्या आणखी दोन मुली हायस्कूलला यायला लागल्या आणि आम्ही तिघी मिळून जाऊ लागलो. वच्छी जाते, मग आमची का नाही, असं त्यांच्या आयांनी म्हटलं होतं.

मी शिक्षिका झाले ती त्या एका वर्षामुळे. हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही. आपल्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. आता सांगते.

पुढे तू परीक्षा देऊन सरकारात लागलास आणि अर्थखात्यात गेलास तो तिथलाच झालास. "बाकीची सगळी खाती हो म्हणायला बसलेली आहेत," तू म्हणायचास. "कुणीतरी नाही म्हणणारा नको का?" राव सरांकडे फाइल गेली म्हणजे मेली, असं लोक बोलायचे आणि ते तुला आवडायचं, नाही म्हणू नकोस. दिवाळीला कुणी मिठाईचा डबा घेऊन आलं तर तू त्याला बसवून कॉफी द्यायचास आणि जाताना डबा त्याच्या हातात परत ठेवायचास. आपल्या मामेभावाला बदली हवी होती. दोन तास बसला होता बिचारा. तू त्याला जेवायला घातलंस, बसस्टॉपपर्यंत सोडलंस, आणि बदलीबद्दल एक शब्द कुणाशी बोलला नाहीस. मामी वर्षभर आपल्याकडे आली नाही. मला तुझा अभिमान वाटायचा. मी शाळेत मुलांना तुझी गोष्ट सांगायचे, नाव न घेता.

माझी शाळा आनेकलच्या पुढे आठ किलोमीटरवर. सातवीपर्यंत. तिथं मी आधी शिक्षिका म्हणून आले आणि नंतर मुख्याध्यापिका झाले. आठवीला आनेकलात जावं लागतं. बस सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि ती गावात येत नाही, फाट्यावर थांबते. फाट्यापासून गावापर्यंत नीलगिरीच्या बनातून दोन किलोमीटर चालायचं. मुलगे सायकलनं जातात. मुली सातवीला थांबतात. दर वर्षी एप्रिलमध्ये मी सातवीचा निकाल वाचायचे आणि मुलींची नावं वाचताना मला समजायचं, आता ही दिसणार ती विहिरीवर.

नागरत्ना त्यातलीच. फळ्यावर माझी बेरीज चुकली तर हात वर न करता नुसती डोळे बारीक करून बघायची, की मला कळायचं. ती पाचवीत असताना मी प्रस्ताव पाठवला होता, आठवी ते दहावीचे वर्ग आणि तीन शिक्षकांची पदं द्यावीत म्हणून. ती सातवी पास झाली तरी प्रस्ताव वरच होता. मी तिला म्हटलं, येत राहा, आठवी येईल. जून, जुलै दोन्ही महिने ती सातवीच्या शेवटच्या बाकावर येऊन बसत होती, जुनीच पुस्तकं घेऊन. ऑगस्टमध्ये कागद परत आला. पदनिर्मितीला अर्थखात्याची संमती नाही.

मी त्या संध्याकाळी तुला फोन केला. "अण्णा, ही फाइल तुझ्याकडे आली होती का रे?"

तू म्हणालास, "वच्छे, घरच्या माणसांशी मी फायलींबद्दल बोलत नाही."

मी "बरं, सरी" म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, असाच हवा माणूस. तुझ्या खात्यातल्या कुणा दुसऱ्या साहेबाला मी मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी नागरत्नाला सांगितलं. तिनं दप्तर उचललं, "सरी टीचर" म्हणाली आणि गेली. अठरा पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न ठरलं. मी तिच्या घरी गेले होते, तिच्या वडिलांना समजावायला. त्यांनी मला ताक दिलं आणि पावसाचं बोलत राहिले. आता ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाते. पहाटेची गाडी येते न्यायला. तिची मुलगी माझ्याकडे पहिलीत आहे.

तू नोकरी सोडलीस तेव्हा सगळे चकित झाले. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणालास, "तीस वर्षं नाही म्हटलं. आता थोडं हो म्हणून बघावं म्हणतो." एका पक्षानं तुला विधान परिषदेचं तिकीट दिलं, शिक्षक मतदारसंघातून. आनेकलच्या हायस्कुलात तू बोललास ती सभा मला जशीच्या तशी आठवते. तू म्हणालास, "तुमची फाइल कुठल्या टेबलावर, कुठल्या गठ्ठ्याखाली अडकली आहे ते मला माहीत आहे. ती तिथं ठेवणारा मीच." शिक्षक पोट धरून हसले. मीही हसले, मागच्या रांगेत बसून. या माणसाला सगळी दारं ठाऊक आहेत, आपल्याला असाच पाहिजे, असं जो तो म्हणत होता. तू निवडून आलास.

मला मात्र मत नव्हतं. त्या मतदारसंघात हायस्कूल आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत असतं, प्राथमिकच्या बाईला नसतं. सभेनंतर मी तुला चिडवलं, "माझ्या शाळेत आठवी आणून दे, म्हणजे मलाही मत मिळेल." तू हसला नाहीस. घड्याळात बघितलंस आणि गाडीत बसलास. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही. दमला असशील, वाटलं.

तिसऱ्या वर्षी तुझा फोन आला. "तुझ्या शाळेचा प्रश्न लागलाय पुढच्या आठवड्यात. पास पाठवतो, ये. गावातल्या कुणाला आणायचं असेल तर आण." तुझ्या आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता. शाळा समितीवरच्या दोघीजणी आणि नागरत्ना, अशा तिघींना घेऊन मी निघाले. नागरत्नानं त्यासाठी सुट्टी टाकली होती आणि लग्नातली साडी नेसली होती.

गॅलरीतून तू लहान दिसत होतास. तुझा नंबर आला, तू उठून प्रश्न विचारलास. मुली सातवीनंतर घरी बसतात हे सरकारला माहीत आहे काय, आणि असल्यास सरकार काय करणार. छान विचारलास. बस फाट्यावर थांबते, मध्ये नीलगिरीचं बन आहे, हेही सांगितलंस. मी शेजारी बघितलं. तिघी पुढे वाकून ऐकत होत्या.

मंत्री उठले. रागानं नाही, अगदी हसतमुखानं म्हणाले, सन्माननीय सदस्यांची कळकळ रास्त आहे, पण हा प्रस्ताव बारा वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे, आणि त्यावेळी अर्थखात्यानं दिलेला शेरा मी सभागृहाला वाचून दाखवतो. आणि त्यांनी कानडीत करून वाचला. मुलींची संख्या पुरेशी नाही. आठ किलोमीटरवर हायस्कूल उपलब्ध आहे. बसची सोय आहे. प्रस्ताव स्थानिक आग्रहापोटी आलेला दिसतो. मान्य नाही. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "आणि खाली सही आहे ती सन्माननीय सदस्यांचीच."

सभागृह हसलं. तुझ्या बाकांवरचेही हसले. सभापतींनी घंटा वाजवली आणि विचारलं, सदस्यांना पुरवणी प्रश्न विचारायचा आहे का. तू उभा राहिलास. तुझ्या माइकचा दिवा लागलेला मला वरून दिसत होता. तुझे ओठ हलले. मग म्हणालास, "नाही, सभापती महोदय," आणि खाली बसलास.

नागरत्नानं हळूच कानडीत मला विचारलं, "टीचर, हे तुमचे अण्णा ना?"

मी मान हलवली.

ती पुन्हा खाली सभागृहाकडे बघू लागली.

बाहेर व्हरांड्यात तू आलास. त्या तिघी खांबापाशी उभ्या होत्या, त्यांना कळू नये म्हणून आपण मराठीत बोललो, जसं काही त्यांना कळायचं राहिलंच होतं.

"तू मला सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"फायलीचं मी कुणालाच सांगत नव्हतो."

"मग आज प्रश्न कशाला विचारलास?"

"वाटलं, इतकी जुनी फाइल कोण काढतंय. मंत्री बघू म्हणतील, मग मी पाठपुरावा करीन. झालं असतं काम."

"उभा राहिला होतास. एवढंच म्हणायचं, की तेव्हा चुकलं."

तू इकडेतिकडे बघितलंस. "तिथं एकदा चुकलं म्हटलं, वच्छे, की माझ्या तीस वर्षांच्या एकेका सहीवर बोट ठेवतील. तुला नाही कळायचं ते."

"मला एकच सही कळते."

तू म्हणालास, "खाली कँटीनमध्ये सांगून ठेवलंय. त्यांना जेवायला घालून ने." कुणी जेवलं नाही. आम्ही बसनं परत आलो. आनेकलच्या स्टँडवर पुढची बस मिळायला दीड तास लागला. नागरत्ना बाकावर बसून पदराशी चाळा करत होती. एकदम म्हणाली, "बसची सोय आहे, म्हणाले ते." आणि हसली. त्या हसण्यानं मला जे झालं ते तुझ्या त्या 'नाही, सभापती महोदय'नंही झालं नव्हतं.

आठ महिने मी तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस. वैनी मधूनमधून करायची आणि दोघांचीही ख्यालीखुशाली दोघांना सांगायची.

गौरीच्या सणाला भावानं बहिणीकडे बागिन, म्हणजे सुपातलं वाण, न्यायचं, ही रीत आपल्या घरानं इथल्या लोकांकडून घेतलेली. तुझ्याकडून दर वर्षी ते यायचं, पण ड्रायव्हरच्या हातानं. या वर्षी तू स्वतः आलास. दोन सुपं एकावर एक बांधून, छातीशी धरून, बांगड्या किणकिणत जिना चढलास. मी दार उघडलं तेव्हा तुला दम लागलेला होता. मी म्हटलं, "ड्रायव्हर कुठंय?" म्हणालास, "खाली बसवलाय. हे मला आणायचं होतं."

मी पान वाढलं. भाताबरोबर सारू, भाजीची पल्या, पुरणाची होळिगे. आमचे हे शेजारच्यांचा गणपती आणायला गेले होते, घरात आपण दोघंच. तू माझ्या गुडघ्यांचं विचारलंस, मी तुझ्या साखरेचं विचारलं. मग मला राहवलं नाही.

"एक खरं सांग अण्णा. मी त्या शाळेत नसते, तर तोच शेरा लिहिला असतास?"

तू भात कालवत राहिलास. बराच वेळ. मग म्हणालास, "खालच्या अधिकाऱ्यानं पदं देता येतील असं टिपण लिहून पाठवलं होतं. पहिल्या पानावर शाळेचं नाव बघितलं. तुझी शाळा. पुढचं मी वाचलंच नाही. उद्या कुणी म्हणेल, रावनं बहिणीच्या शाळेला पदं दिली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत मला."

"मुलींची संख्या, बस, हे सगळं?"

"ते काय, कुठल्याही शाळेला लिहिता येतं."

"दुसऱ्या कुणाकडे पाठवायची होतीस ना फाइल. माझी बहीण आहे तिथं, मी यावर लिहीत नाही, म्हणायचं."

"सुचलं ते," तू म्हणालास. "सही झाल्यावर."

मी म्हटलं, "म्हणजे तुझं नाव स्वच्छ राहावं म्हणून माझ्या मुली घरी बसल्या."

तू हात थांबवलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. "वच्छे, स्वल्प पाणी दे," म्हणालास. मी दिलं. दुसरी होळिगे तू तशीच ठेवलीस. तू पानात कधी काही टाकत नसस. जाताना चपला घालत म्हणालास, "पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न घालतो. या वेळी उभा राहून बोलेन."

मी म्हटलं, "बघू."

अभ्यास न करता वर्गात येणाऱ्या मुलाला मी म्हणते तसंच म्हटलं. तोच माझा तुझ्याशी शेवटचा शब्द. त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी फिरायला जायला म्हणून तू बुटांचे बंद बांधायला खाली वाकलास तो उठला नाहीस. वैनीचा फोन आला तेव्हा मी प्रार्थनेला मुलांच्या रांगा लावत होते.

तू बोलला असतास का रे? मी रोज विचार करते. कधी वाटतं, नक्की. नाहीतर ती सुपं छातीशी धरून कशाला आला असतास. कधी वाटतं, दिवा लागला असता, ओठ हलले असते आणि पुन्हा खाली बसला असतास. मला कळायला आता काही मार्ग नाही.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. तू पान सोडून उठलास तेव्हा ती माझ्या जिभेवर होती आणि मी बोलले नाही, कारण त्या दिवशी मला बरोबर ठरायचं होतं. प्रस्ताव पाठवताना आनेकलच्या शिक्षणाधिकाऱ्यांना मी सांगितलं होतं, "माझे अण्णा अर्थखात्यात आहेत." मागणं म्हणून नाही, सहज सांगितल्यासारखं. ते हसले आणि म्हणाले, "हो का टीचर, मग चिंता कसली." इतर शाळांचे प्रस्ताव तालुक्यालाच पडून होते, माझा वर गेला. गावातही मी हेच सांगत फिरले होते. नागरत्नाला येत राहा म्हटलं ते याच भरवशावर. प्रस्ताव स्थानिक आग्रहापोटी आला, असं तू न वाचता लिहिलंस आणि ते खरं होतं. तो आग्रह माझा होता, आणि त्याला जोर तुझ्या नावाचा. ती फाइल तुझ्या नावानं चालली आणि तुझ्या नावानंच थांबली. हे तुला सांगितलं असतं तर तू बहुधा म्हणाला असतास, "बघ, मी म्हणत नव्हतो?" ती दुसरी होळिगेही खाल्ली असतीस. तेवढं सुख मी तुला दिलं नाही. त्यानं तुझा शेरा बरोबर ठरत नाही, अण्णा. पण आठ महिने मी जी न्यायाधीश होऊन बसले होते, ती मीही काही निर्दोष नव्हते.

गेल्या महिन्यात परिषदेत तुझ्यावर शोकप्रस्ताव झाला. त्याच मंत्र्यांनी तुला कठोर, निष्कलंक म्हटलं आणि शेवटी जाहीर केलं, की दिवंगत सदस्यांनी ज्या शाळेचा प्रश्न याच सभागृहात मांडला होता, तिथं येत्या जूनपासून हायस्कूल सुरू होईल आणि त्याला त्यांचं नाव देण्यात येईल. वैनीनं मला फोन केला आणि फोनवर रडली. "बघ वत्सला, ह्यांचं राहिलेलं काम झालं," म्हणाली. मी हो म्हटलं. तिला मी काय सांगणार होते?

चार दिवसांनी एक तरुण अधिकारी शाळेत आला. चांगला होता मुलगा. शाळा समितीचा ठराव लागतो म्हणाला, मसुदाही घेऊन आला होता. मी विचारलं, "नुसतं हायस्कूल नाही का मिळणार, नावाशिवाय?" तो जरा घुटमळला. म्हणाला, "टीचर, स्मारक म्हटलं की संमती लगेच मिळते. नाव काढलं तर पुन्हा पहिल्यापासून फाइल फिरेल."

काल दुपारी समितीची बैठक घेतली. सातवीच्या वर्गात, सतरंजीवर. मी त्यांना सगळं सांगितलं. मंत्र्यांनी वाचलेला शेरा तिघींनी ऐकलेलाच होता; तू तो कसा लिहिलास तेही सांगितलं, आणि मी अधिकाऱ्यांना जाऊन काय सांगितलं होतं तेही. वीस वर्षं ज्या लोकांत मी टीचर म्हणून वावरले त्यांच्यापुढे ते सांगताना मी सतरंजीकडे बघत होते. अध्यक्ष म्हातारे आहेत, ते म्हणाले, "ज्यानं नको म्हटलं त्याचं नाव आपल्या शाळेला कशाला?" दुसरे म्हणाले, "मग शाळा पण नको म्हणा." दोघेही खरं बोलत होते. 

नागरत्ना पहिलीच्या पालकांमधून या वर्षी समितीवर आली आहे. रात्रपाळीच्या बदल्यात सुट्टी घेऊन आली होती. ती भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "नाव राहू दे त्यांचं. त्यांनी नको म्हटलं ना, मग त्यांनाच दारावर उभं करू या. रोज सकाळी मुली त्यांच्या खालून आत जातील. बघत बसू देत."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी ठराव लिहायला घेतला.

मसुद्यात तुझ्या नावाआधी शब्द होते, 'या शाळेसाठी अखेरपर्यंत झटलेले'. मी पेन धरून त्यावर बराच वेळ थांबले. गौरीच्या दिवशी चपला घालताना तू जे म्हणालास ते मी खरं धरलं, तर ते शब्द ठेवायला हवे होते. मी ते खोडले. नुसतं तुझं नाव लिहिलं, अप्पांच्या नावासकट. सगळ्यांनी सह्या केल्या. नागरत्नानं कानडीत केली, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. नागरत्नाची सही मी प्रथमच बघितली.

वैनी विचारेल, ते शब्द का गाळले. तिला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

जूनमध्ये आठवी भरेल. निवृत्तीला माझी दोन वर्षं आहेत, तेव्हा पहिल्या दिवशी दार मीच उघडीन. वर तुझं नाव असेल. मुली आत शिरतील तेव्हा मी वर तुझ्याकडे बघीन, की मान खाली घालून त्यांच्या मागोमाग आत जाईन, मला खरंच माहीत नाही, अण्णा.

वच्छी